उकंडा माळ्याची जोड

उकंडा माळी नमस्कार करायचा तो मुठी वळून. दोन्ही हात छातीशी आणायचा, पण तळवे जुळायचे नाहीत, जुळायच्या त्या दोन मुठी. नवख्या माणसाला कळत नसे की हा रामराम करतो आहे की दम देतो आहे. खरं कारण साधं होतं. त्याची बोटं इतक्या वेळा मोडली होती आणि इतक्या वेळा वाकडीतिकडी जुळली होती, की ती पुरती उघडतच नसत. पण कुणी विचारलं तर हे कारण तो मरेपर्यंत सांगायचा नाही. "उघडा हात भीक मागते, बावा," तो म्हणायचा, "मले ते सवय नाई."

हा गृहस्थ मला पहिल्यांदा भेटला तो माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिमाखाच्या दिवशी. मी अकोल्याचा, कापसाच्या अडत्याचा मुलगा, शिकायला अमरावतीला होतो. मुष्टियुद्धाची हौस लागली होती, आणि कॉलेजांच्या सामन्यांत मी चांदीचा कप जिंकला होता. मित्रांनी मला टांग्यात बसवून बाजारातून मिरवलं. फुलं-भाजीच्या दुकानापाशी टांगा थांबवून हार मागितला, तर दुकानातला आडवा, काळासावळा, नाक बसलेला माणूस स्वतःच हार घेऊन पुढे आला. माझ्या गळ्यात हार घातला, कप निरखून पाहिला, आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "कप बेस हाये. पानी प्याले कामी येईन. पन डावा हात झोपून राह्यला तुमचा. त्याले उठवा कोनी तरी."

टांगा पुढे गेला, लोक ओरडत होते, आणि माझं सगळं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे. दुसऱ्या दिवशी मी त्याला जाब विचारायला गेलो. जाब काय विचारणार, तो म्हणाला ते खरंच होतं. त्याने वांग्यांच्या ढिगामागून मान वर केली आणि विचारलं, "भांडाले आले का शिकाले? भांडाचं असन तं अथीच बसा, गिऱ्हाइकाले तमाशा होईन. शिकाचं असन तं मळ्यात येजा."

मळा भातकुलीच्या रस्त्याला होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, बांधाला झेंडू. विहिरीजवळच्या कडुनिंबाला तरटाची एक भलीमोठी गोणी टांगलेली असे. तिच्यात गच्च सरकी भरलेली. वाळूची गोणी हात मोडते आणि कापसाची गोणी हाताला खोटं बोलते, सरकी तेवढी खरं सांगते, असं त्याचं मत होतं. हातमोजे मोच्याकडून शिवून घेतलेले, आत आपल्याच वऱ्हाडचा कापूस. त्या मळ्यात एक कायदा होता. बाजारात तो मला "तुमी" म्हणे, मळ्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की "तू". "गोनीपाशी कोनी साहेब नाई," तो सांगायचा. "रस्त्यावर तुमी अडत्याचे पोरगे, अथी तू झोपल्या हाताचा मानूस."

त्याची बायको गुंफाबाई आमचे हात जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधून द्यायची. तिच्या तोंडाला उकंडाइतकीच धार होती. मी पहिल्या दिवशी तिला वाकून नमस्कार केला तर म्हणाली, "पाय पडून कायले राह्यले? मार खाल्ल्यावर पडा, तवा गरज लागन." आणि खरंच लागली. उकंडा शिकवताना एक शब्द समजावून सांगायचा नाही. हात खाली आला की गालावर टप्पकन बसायची आणि वर विचारायचा, "काहून लागली?" मी कारण सांगितलं की पुढचा धडा. कारण चुकलं की तीच टपली पुन्हा.

उकंडा हे नाव आमच्याकडे आधीची लेकरं गेली की ठेवतात. उकिरड्यावरचं पोर म्हटल्यावर देवाची नजर जात नाही, असा समज. आईबापांनी त्याला देवापासून लपवला, पण तो स्वतः कुणापासून लपला नाही. अमरावतीत एकदा सर्कस आली होती. सर्कशीच्या मुष्टियोद्ध्यासमोर तीन फेऱ्या जो उभा राहील त्याला इनाम, अशी दवंडी होती. उकंडा तेव्हा उमेदीतला, कुस्तीत तयार. हत्तीसाठी गाजरं पोचवायला तंबूत गेला आणि गाजरं ठेवून रिंगणात उतरला. तिन्ही फेऱ्या उभा राहिला. सर्कशीच्या मालकाने त्याला तिथूनच बरोबर नेलं, आणि काही वर्षांत त्या दवंडीतला माणूस उकंडाच झाला. आता गावोगावची पोरं त्याच्यासमोर येऊ लागली.

ही हकिगत तो रंगवून सांगे, पण दर्यापूरच्या मुक्कामाशी आला की त्याचा सूर बदलायचा. "पोट्टं वखर सोडून आलं होतं, पायाले माती तशीच. अन् त्याची माय दोराले धरून उभी. थे काई वरडत नोती, निस्ती माह्याकडे पाहून राह्यली होती. मांगून मालक म्हने, पाड त्याले, पाड. मी म्हटलं, ह्या पोट्ट्याले पाडून माह्या हाताले काय भेटन?" त्या दिवशी उकंडाने हात ओढून धरला. ठोसे मारले, पण पोहोचू दिले नाहीत. पोरगं तिन्ही फेऱ्या उभं राहिलं, मालकाला इनाम द्यावं लागलं, आणि पडद्यामागे त्याने उकंडाच्या आईवरून शिवी दिली. उकंडा तसाच निघाला. हातमोजेही काढले नाहीत, कारण त्यांच्या नाड्या स्वतःच्या हाताने सोडता येत नाहीत आणि त्या तंबूत कुणाला सांगायची त्याची तयारी नव्हती. दर्यापूरहून घरापर्यंत तो हातमोजे घालून चालत आला. वाटेत लोक हसले, एका बाईने त्याला पाणी वरून ओतून पाजलं. नाड्या शेवटी गुंफाबाईने दातांनी सोडल्या. हे ती स्वतः सांगायची आणि वर म्हणायची, "मानूस कमाई घेऊन येते, ह्यो मोजे घेऊन आला."

दोन वर्षांत माझा डावा हात जागा झाला. त्याच सुमारास बातमी आली, की प्रांताचा मुष्टियुद्धाचा संघ निवडायचा आहे आणि निवड चाचणी अमरावतीत आहे. प्रांताच्या संघातून देशाचा संघ, आणि देशाचा संघ आगबोटीने परदेशी, आंतरराष्ट्रीय सामन्यांना. वऱ्हाडातला माणूस जगासमोर मूठ उगारणार या कल्पनेनेच गावातली पोरं चेकाळली होती. मी उत्साहाने मळ्यात जाऊन सांगितलं. उकंडा मेथीच्या जुड्या बांधत होता. हातातली जुडी बांधून संपवली. मग म्हणाला, "माह्यं वजन अन् तुह्यं वजन सारखंच हाये ना?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की याला स्वतः उतरायचं आहे. वय तिशीच्या पुढे गेलेलं, कानाजवळ केस पिकलेले. पण पाय अजून असे हलत की विहिरीवरची बायामाणसं हात थांबवून बघत. "सर्कशीत समदे पाहाले येत," तो म्हणाला, "पन कोनी मोजलं नाई. तिकडे माकड सायकल चालवे, तिकडेच मी. एकदा पाह्यजे मले, खऱ्या पंचासमोर, बराबरीच्या मानसासमोर. हरलो तं हरलो." एवढंच त्याला हवं होतं.

चाचणीची नावं ज्यांच्याकडे द्यायची ते आमच्या क्लबाचे चिटणीस अण्णासाहेब वकील होते, आणि मी आजवर पाहिलेल्या सरळ माणसांपैकी एक. मी उकंडाला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी त्याला ओट्यावर नव्हे, आत खुर्चीवर बसवलं, चहा दिला. म्हणाले, "उकंडराव, तुमचा हात मला ठाऊक आहे. प्रश्न एकच विचारावा लागतो. झुंजण्याचे पैसे कधी घेतले आहेत का?" आणि उत्तराची वाट न बघता खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "सर्कशीला बरीच वर्षं झाली. इथं कोणी ते उकरून काढणार नाही. तुम्ही नाही म्हणा, मी ऐकून घेतो."

मी मनात देवाचं नाव घेतलं. उकंडाने चहाची कपबशी खाली ठेवली. "घेतले," तो म्हणाला. "तिकीट लावून घेतले. जत्रेत नारळावरचा रुपयाबी घेतला. चोरले नाई, साहेब, तं लपवू कायले?"

"मग तुम्ही धंदेवाईक ठरता. हे सामने हौशी लोकांचे आहेत."

"अन् हे हौशी?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे मूठ दाखवली. "याच्या कपात चांदी किती हाये, पाह्यली काय? माह्या रुपयात तेवढी नाई."

"कप विकण्यासाठी नसतो."

"विकता येते. याच्या बापाले गरज नाई म्हनून विकत नाई."

मी खाली बघितलं. अण्णासाहेब शांतपणे म्हणाले की नियम त्यांनी केलेला नाही. उकंडा आता तापला होता. छावणीतला एक हवालदार चाचणीला येणार होता. त्याला कवायत माफ होती, दिवसभर तो गोणीवर हात मारायचा आणि सरकारी पगार घ्यायचा. तो कसा हौशी? अण्णासाहेब म्हणाले, तो पगार शिपाईगिरीचा. "मंग मी माळी म्हनून पैसे घेतले समजा," उकंडा म्हणाला. अण्णासाहेबही हसले, पण जागचे हलले नाहीत. उकंडा उभा राहून बोलला ते वाक्य मी पुढे वकील होऊन कोर्टात कितीतरी वेळा मनातल्या मनात म्हटलं आहे. "ज्याले बाप पोसते तो हौशी, अन् ज्याले त्याची मूठ पोसते तो धंदेवाला. असं सिद्धं सांगा ना, साहेब. नियम कायले सांगता?"

अण्णासाहेबांची बाजू मात्र पोकळ नव्हती, आणि हे मी आज उकंडाच्या बाजूने लिहितानाही सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, "बसा. उद्या जगाच्या सामन्यांत धंदेवाईक लोकांना मोकळं सोडलं, तर रोज पोटासाठी झुंजणारे तिकडचे गडी येतील आणि आमच्या कॉलेजातल्या पोरांचे जबडे फोडून जातील. हौशी पोरांनी कुठं जायचं? त्यांना एक तरी जागा राखून ठेवायला नको?"

उकंडा खरंच बसला. भांडणात समोरच्याचं खरं निघालं की तो ते मान्य करी, ही त्याची एक मोठी गोष्ट. "हे बराबर हाये," तो म्हणाला. "मी पाह्यलं हाये. मीच फोडत होतो. वखर सोडून आलेलं पोट्टं अन् मी, ही जोड नव्हे, हे मले तुमच्यापेक्षा जास्त समजते. पन तो फरक हाताचा हाये, खिशाचा नाई. हात पाहून जोड लावा, साहेब. खिसा पाहून नोका लावू."

"हात मोजायचा कसा? पैसे घेतले की नाही, एवढं तरी विचारता येतं."

"सोपं हाये म्हनून चुकीचं विचारता?"

अण्णासाहेब माझ्याकडे वळले. त्यांनी मला उद्देशून, पण त्याला ऐकू जाईल असं, नियमाचा पुढचा भाग सांगितला. धंदेवाईकाकडून शिकलेलं चालतं, पण चारचौघांत त्याच्याशी सामना केला तर हौशी माणूसही धंदेवाईक ठरतो आणि कायमचा बाद होतो. उकंडाने हे नीट ऐकून घेतलं. आमच्याकडे विटाळाला इटाय म्हणतात. तो एवढंच म्हणाला, "म्हंजे माह्या हाताचाबी इटाय होते." मग मुठी जुळवून नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेला. मागे राहिलेला त्याचा चहा तसाच होता.

चाचणीत मी जिंकलो. शेवटचा सामना त्या हवालदाराशीच पडला, आणि त्याला मी जागवलेल्या डाव्या हातानेच खाली बसवलं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. उकंडा दोराबाहेर हारांची टोपली घेऊन उभा होता. या वेळी त्याने काही टोमणा मारला नाही. हार घातला आणि म्हणाला, "उठला हात." मला वाटलं होतं मी आनंदाने नाचेन. पण पदक गळ्यात आलं आणि मला नुसता संताप आला. प्रांतात माझ्या वजनाचा सर्वांत चांगला माणूस म्हणून लोक मला ओवाळत होते, आणि तो माणूस तर टोपली उचलून चालला होता. अकोल्याला आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, पेढे वाटले. मी दोन दिवस घरी राहिलो, पण पेढ्याला हात लावला नाही.

पुढच्याच महिन्यात भातकुलीकडच्या एका गावची जत्रा होती. तिथल्या आखाड्याचे रिवाज जुने. कुस्त्या संपल्या की ज्याला जोड मिळाली नाही असा मल्ल एक हात वर करून आखाड्याभोवती फिरतो. याला जोड मागणं म्हणतात. ज्याला लढायचं त्याने पुढे होऊन त्या वर केलेल्या हाताला हात लावायचा. एकदा हात लागला की माघार नाही. कुणीच हात लावला नाही तर नारळ त्याचा, पण तसला नारळ खरा मल्ल खुशीने घेत नाही. आणि झुंज झाली तर नारळ तिथेच दगडावर फोडून अर्धा जिंकलेल्याला, अर्धा हरलेल्याला. नारळावर ठेवलेला रुपया मात्र जिंकलेल्याचा. त्या वर्षी गावाने प्रमुख पाहुणे म्हणून अण्णासाहेबांना बोलावलं होतं, आणि प्रांताचा विजेता म्हणून त्यांच्याशेजारी गादीवर मला बसवलं होतं.

कुस्त्या आटोपल्या. हलगी थांबायच्या बेतात असताना उकंडा आखाड्यात उतरला. त्याने सर्कशीतले ते जुने हातमोजे चढवले होते, आणि एक हात वर होता. "बाक्सिंगची जोड पाह्यजे," तो मोठ्यांदा म्हणाला. "मी धंदेवाला हावो. माह्या हाताले हात लावन त्याले इटाय होईन, हे आधीच सांगून ठेवतो. मांगून कोनी म्हनू नये का सांगतलं नाई." लोक हसले. चाचणीची गोष्ट गावोगाव पोचलेली होती. तो सावकाश फिरू लागला. पैलवान मंडळी त्याला चांगली ओळखत होती, त्यामुळे कुणी पुढे होईना. आमच्यासमोरून जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला गळ घालायची नाही, एवढ्यासाठी त्याने मान फिरवली हे मला स्पष्ट कळलं.

मी कोट काढू लागलो तसा अण्णासाहेबांनी माझा हात धरला. "ऐक," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात देशाच्या संघाची निवड आहे. आज त्याला हात लावलास तर सगळं संपलं. आगबोट गेली, तू गेलास, सगळं गेलं. तो काय म्हणतो ते मलाही कळतं. पण त्याच्यासाठी तू स्वतःला कशाला बुडवतोस?"

मी म्हणालो, "त्याच्यासाठी नाही, अण्णासाहेब. मी प्रांताचा विजेता आहे की नाही, हे मला एकदा बघायचं आहे." हे बोललो तेव्हा मला वाटलं, मी चांगलं उत्तर दिलं. खरं तर ते वाक्यही उकंडाचंच होतं, फक्त भाषा माझी. मी आखाड्यात गेलो आणि त्याच्या हाताला हात लावला. हलगीवाल्याने दणका दिला. उकंडा क्षणभर थबकला. "येडा झाला काय?" तो पुटपुटला. "जाय मांगं. अजून कोनी पाह्यलं नाई." आजूबाजूला सगळा तालुका लोटलेला होता. मी म्हणालो, "हात लागला. आता माघार नाही." तो हसला. "ये मंग," म्हणाला. जोडीदारासाठी आणलेले मळ्यातले हातमोजे गुंफाबाईने माझ्या हातांवर बांधले.

ती झुंज मी किती वेळा आठवली असेल. पहिल्या फेरीत त्याने मला चाचपलं. गोणीपाशी शिकवलेलं सगळं मी त्याच्यावर करून पाहिलं, आणि एकदा माझा डावा त्याच्या बरगडीवर असा बसला की गर्दीतून हुंकार उठला. माझ्या मनात मात्र एकच भीती होती, आणि ती मार बसण्याची नव्हती. याने दर्यापूरच्या पोरासारखा माझ्याशी हात ओढून धरला तर? मला जपलं तर? मग कप, पदक, दोन वर्षं, सगळं फोल. दुसऱ्या फेरीत मी पुन्हा डावा टाकला. तो बाजूला झाला आणि त्याचा उजवा आला. तो ओढून धरलेला हात नव्हता. माझी खालची दाढ तिथेच मातीत पडली आणि तिच्यामागोमाग मी.

डोळे उघडले तेव्हा गुंफाबाई माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि नवऱ्याला शिव्या देत होती. "लोकाचं लेकरू हाये, जरा सबुरीनं मारू नाई तुमाले?" उकंडा गुडघ्यावर बसला होता. "सबुरीनं मारलं असतं तं त्याचा अपमान झाला असता," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काहून लागली?" मी रक्त थुंकून सांगितलं, "डावा टाकला आणि मागे घेताना खाली आणला." "बराबर," तो म्हणाला. मी मातीत पडूनच हसत होतो. इतका आनंद मला पदकानेही झाला नव्हता. त्याने मला बरोबरीचा धरलं होतं.

नारळ फुटला. एक भकल त्याला, एक मला. त्याने रुपया वर करून सगळ्यांना दाखवला आणि गादीकडे बघून ओरडला, "साहेब, पाह्यजा. पुन्हा घेतला." गाव हसलं. अण्णासाहेब हसले नाहीत, पण उठून गेलेही नाहीत. मी माझ्या वाटणीचं खोबरं दाढ पडलेल्या तोंडाने तिथेच चावून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब माझ्या खोलीवर आले. म्हणाले, "मी वर कळवणार आहे. त्या दिवशी मी त्या माणसाला खोटं बोलायची वाट दाखवली आणि तो माझ्या तोंडावर खरं बोलला. आता मी तुझ्यासाठी खोटं बोलू?" मी म्हणालो, बोलू नका. पदक परत गेलं. आगबोटीवर छावणीतला हवालदार तरी चढला की नाही, कोण जाणे. मी कधी चौकशी केली नाही. दादांनी अकोल्याला मला समोर बसवून विचारलं, "विलायतेला जायचं नव्हतं तर आधी सांगायचं होतंस. मी गावभर पेढे कशाला वाटले असते?" पुढे वर्षभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. मी कायदा शिकलो, अकोल्यातच वकिली केली आणि आठवड्याच्या सुट्टीला गाडीने बडनेऱ्याला उतरून मळा गाठू लागलो.

मळ्यात आता कुणालाही मज्जाव नव्हता. कॉलेजचे, गिरणीतले, हमाल, वखर सोडून आलेले, सगळे. उकंडा प्रत्येकाला आधी गोणीवर हात मारायला लावायचा, मग जोड लावायचा. खिसा कुणाचाच बघितला नाही. नवशिक्यावर तयार माणसाने हात सोडला तर त्याला तो फाटकाबाहेर काढायचा. अण्णासाहेब म्हातारपणी संध्याकाळी फिरत तिथपर्यंत येत, कडुनिंबाखाली बसत, आणि दोघे नियमावर तेच भांडण नव्याने भांडत. दोघांपैकी कुणीही शेवटपर्यंत माघार घेतली नाही. जाताना गुंफाबाई त्यांच्या पिशवीत वांगी टाकायची.

स्वराज्य आल्यावरच्या एका हिवाळ्यात निरोप आला की उकंडा अंथरुणाला खिळला आहे. मी गेलो तेव्हा दुपारचं ऊन होतं, खाट कडुनिंबाखाली ओढली होती. शरीर आटलं होतं, मुठी तेवढ्याच राहिल्या होत्या. त्याने मला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "इंग्रज गेला. आतातरी नियम बदलला काय?"

"नाही," मी म्हणालो. "तोच आहे."

"मंग आपून कायले बदलाचं?" तो म्हणाला. त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग त्याचा उजवा हात खाटेवरून सावकाश वर उठला, जत्रेत उठला होता तसा. खाली येत नव्हता. डोळे मिटूनच तो म्हणाला, "हाये काय कोनी जोड?" गुंफाबाईने पदर तोंडाशी नेला. मी पुढे झालो आणि त्या मुठीला हात लावला. त्याचे ओठ हलले. "इटाय झाला तुले," तो म्हणाला, आणि हसला. त्याच आठवड्यात तो गेला.

हल्ली कचेरीतली तरुण मंडळी पेपर वाचून वाद घालतात. जगाच्या सामन्यांत धंदेवाईक मुष्टियोद्ध्यांना हौशी लोकांशी झुंजू द्यावं का, असा वाद. दोन्ही बाजूंनी चांगलं बोलतात. मग कुणीतरी म्हणतं, साहेबांना विचारा, ते तरुणपणी हौशी विजेते होते. मी लगेच अडवतो. साऱ्या जन्मात मुठीच्या जोरावर मी कमावलं ते खोबऱ्याचं एक भकल, आणि त्यासाठी एक दाढ दिली. पण मला हौशी म्हणायचं नाही. मी धंदेवाईक आहे, उकंडा माळ्याच्या जोडीचा.